विश्लेषण : थीम पार्कमध्ये हजारोंची ने-आण जमते कशी? गव्हाण-उलव्यात तेच अवघड का?

पनवेल तालुक्यातील गव्हाण गावाच्या आसपास वाहतुकीचे इतके मोठे प्रकल्प एकवटले आहेत, की तेवढे राज्यात एका जागी क्वचितच सापडतील. एकीकडे अटल सेतूवरून उतरणारा शिवाजीनगरचा इंटरचेंज, दुसरीकडे नेरुळ-उरण लोकल, पलीकडे जेएनपीए बंदर आणि उलव्याला लागून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा दोन सुविधांचा खास उल्लेख झाला होता. चारही नियोजित टर्मिनलना जोडणारी स्वयंचलित ‘पीपल मूव्हर’ आणि वॉटर टॅक्सी. गंमत म्हणजे या दोन्ही कल्पना पाहुणे वाहून नेण्यासाठी थीम पार्कवाल्यांनी केव्हाच वापरून पाहिल्या आहेत. ‘पीपल मूव्हर’ नावाची राइड १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झाली. आणि बोटीने पाहुणे नेण्याचा प्रयोग तर आपल्या गोराईच्या खाडीत १९८९ पासून चालला. मग पार्कमध्ये जे जमते ते शहरात का अडते, हा प्रश्न गव्हाणकरांसाठी केवळ कुतूहलाचा राहत नाही.

पार्कला स्वतःची वाहतूक लागते कशाला?

इमॅजिकासारखे पार्क पायी फिरता येते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड तसे नाही. त्याचा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाएवढा. त्यात चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून अधिक हॉटेले. यातील एकट्या ‘मॅजिक किंगडम’मध्ये २०२३ साली सुमारे १ कोटी ७७ लाख लोक आले, असा या उद्योगाचा अंदाज आहे. सरासरी काढली तर दिवसाला ४८ हजार. सुट्टीच्या दिवशी याहून कितीतरी जास्त.

आता या पार्कचे पार्किंग कुठे आहे पाहा. गेटसमोर नाही, तर एका मोठ्या तलावाच्या पलीकडच्या काठावर. गाडी लावली की रबरी चाकांची, एकामागे एक डबे जोडलेली ट्राम पाहुण्यांना उचलते आणि मध्यवर्ती स्थानकावर सोडते. तिथून मोनोरेल किंवा मोठी फेरीबोट. त्यानंतर गेट. सकाळच्या घाईत हे उगाच लांबवलेले वाटते. पण पार्कच्या दारात हजारो गाड्यांचा पसारा दिसू नये, आणि पाण्यावरून येताना समोरचा किल्ला हळूहळू मोठा होत जावा, हा त्यामागचा विचार. तिकीट फाडण्याआधीच सहल सुरू झालेली असते. पार्किंगच्या भागांना सिनेमातील पात्रांची नावे दिली आहेत, कारण रात्री दमलेल्या बापाला ‘ई-७’ आठवत नाही, पण पोराला आपली गाडी कोणाच्या नावाखाली लावली ते पक्के आठवते. लहानशी युक्ती, पण गाडी शोधत फिरणाऱ्या माणसांमुळे होणारी कोंडी तिने बरीच टळते.

हॉटेलातून पार्कला आणि एका पार्कातून दुसऱ्याला नेण्याचा मोठा भार मात्र साध्या बसच उचलतात. कंपनीच्या ताफ्यात सुमारे चारशे बस आहेत. फोटो मोनोरेलचे निघतात, माणसे बसने जातात.

बोट, पाळणा की बस? गणित काय सांगते?

कोणत्याही वाहतुकीची क्षमता दोन आकड्यांच्या गुणाकारातून येते. एका वाहनात किती माणसे मावतात आणि तासाला किती वाहने सुटतात. डिस्ने वर्ल्डच्या तलावातील एका फेरीबोटीत सुमारे ६०० माणसे मावतात. दर १२ मिनिटांनी एक बोट सुटते असे धरू. तासाला पाच फेऱ्या, म्हणजे ३ हजार माणसे. त्याच परिसरात २९ सप्टेंबर २०१९ पासून ‘स्कायलायनर’ हा केबलवरचा पाळणा सुरू झाला. त्याच्या एका डब्यात जास्तीत जास्त दहाच जण. पण दर १२ सेकंदांनी एक डबा निघतो असे धरले, तर तासाला ३०० डबे आणि पुन्हा ३ हजारच माणसे. साठ प्रवाशांच्या बसने हेच काम करायचे तर दर ७२ सेकंदांनी एक बस सोडावी लागेल. तेवढ्या वेळात साठ माणसे चढवून दरवाजा बंद करणे एका थांब्यावर शक्य नाही. चार-पाच फलाट लागतील.

कागदावर बोट आणि पाळणा सारखेच. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत मोठा फरक आहे. बोट नुकतीच सुटली असेल तर १२ मिनिटे उभे राहावे लागते, सरासरी सहा. पाळण्यात गर्दी नसेल तर थांबणे जवळपास नाहीच. रांग मोठी असली तरी ती सतत सरकत असते. सरकणाऱ्या रांगेत माणूस कमी चिडतो, हे कोणत्याही देवस्थानच्या दर्शनबारीत उभे राहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

पण सतत चालणाऱ्या यंत्राची एक मेख आहे. बस बंद पडली तर एक बस बंद पडते. केबल थांबली तर अख्खी मार्गिका थांबते. स्कायलायनर सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ५ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री एका स्थानकात डबे एकमेकांत अडकले आणि कित्येक प्रवासी तीन तासांहून अधिक काळ हवेत लटकत राहिले. विजा कडाडू लागल्या तरीही ही सेवा थांबवावी लागते. कोकणच्या पावसात केबल कारची स्वप्ने रंगवणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवलेला बरा.

खरी कसोटी रात्री लागते. सकाळी पाहुणे दोन-तीन तासांत विखरून येतात. रात्री आतषबाजी संपली की सगळे एकदम उठतात. समजा तासाभरात १२ हजार माणसांना बाहेर पडायचे आहे आणि आपल्याकडे तासाला ३ हजारांची एकच बोटसेवा आहे. शेवटच्या माणसाला घरी जायला चार तास लागतील. म्हणून मोनोरेल, बोट, बस आणि पायवाट हे सगळे एकाच वेळी खुले ठेवावे लागते. दिवसभर त्यातले निम्मे साधन रिकामेच धावते. कोणत्याही महापालिकेच्या परिवहन समितीत हा ताळेबंद मांडला, तर पहिला प्रश्न येईल तो रिकाम्या फेऱ्यांचा.

मोनोरेल तिथे पन्नास वर्षे चालली, मुंबईत का रडली?

डिस्नेलँडमध्ये १९५९ साली आणि फ्लोरिडात १९७१ साली मोनोरेल सुरू झाली. दोन्ही अजून धावतात. चेंबूर ते वडाळा ही मुंबईतील मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. तंत्र मूलतः एकच. काँक्रीटच्या तुळईला दोन्ही बाजूंनी कवटाळून रबरी चाकांवर धावणारे डबे.

१९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसाने हार्बर लोकल ठप्प झाली आणि गर्दी मोनोरेलकडे वळली. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांदरम्यान गाडी अडकली आणि साडेपाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्यांवरून उतरवले. गाडीची क्षमता १०४ टनांची, भार गेला १०९ टनांवर. त्यामुळे वीजपुरवठ्याचा संपर्क तुटला, असे एमएमआरडीएने स्पष्ट केले होते. त्यानंतर सप्टेंबरमध्ये सुधारणांसाठी सेवा थांबवण्यात आली.

पाच टनांचा फरक म्हणजे साधारण ऐंशी माणसे. डिस्नेच्या फलाटावर दरवाजांसमोर कर्मचारी उभे असतात आणि ठरलेली संख्या झाली की फाटक लावतात. मागच्याला सांगतात, पुढच्या गाडीने या. मुंबईच्या पावसात, लोकल बंद असताना, ऐंशी माणसांना खाली ठेवणे म्हणजे मारामारी. तिथली मोनोरेल निर्दोष होती असेही नाही. ५ जुलै २००९ रोजी दोन गाड्यांच्या धडकेत एका तरुण चालकाचा जीव गेला. पण पार्कमध्ये गर्दी किती वाढू द्यायची याची चावी पार्ककडेच असते. पार्क भरले की तिकीटविक्री थांबते. शहराला दार नसते.

वाट पाहण्याचे बिल कोण भरते?

यंत्रे कोणालाही विकत घेता येतात. पार्कचे वेगळेपण त्याच्या खतावणीत आहे. पाहुणा रांगेत अडकला की तो खात नाही, खेळणी घेत नाही, हॉटेलात परतून जेवत नाही. त्याच्या ताटकळण्याचा प्रत्येक मिनिट पार्कच्या गल्ल्यातून वजा होतो. म्हणून मोनोरेल, बस आणि पाळणा पाहुण्यांसाठी मोफत, आणि तरी त्यावर पैसा ओतला जातो. वाहतूक तोट्यात चालली तरी धंदा फायद्यात राहतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हिशेब बदलला की सेवा जाते. विमानतळावरून पाहुण्यांना थेट हॉटेलात आणणारी मोफत बस डिस्ने वर्ल्डने २००५ मध्ये सुरू केली होती. ज्याने भाड्याची गाडी घेतली नाही तो शेजारच्या स्पर्धक पार्कात जाणार नाही, हे गणित त्यात सरळ होते. २०२१ च्या अखेरीस ती बंद झाली. पाहुण्यांवरच्या प्रेमापोटी कोणी बस चालवत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. १९६७ मध्ये फ्लोरिडा राज्याने या परिसरासाठी ‘रीडी क्रीक’ नावाचा स्वतंत्र जिल्हा स्थापन केला. रस्ते, पूल, गटारे, बांधकाम परवाने, अग्निशमन हे सगळे त्याच्या हाती आणि त्यावर प्रत्यक्ष पकड कंपनीची. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पकड काढून घेतली, तोवर पन्नासहून अधिक वर्षे जमीन, रस्ता आणि बस यांचा मालक एकच होता. नवी मुंबईच्या वाचकाला हे ऐकून सिडको आठवली तर नवल नाही. मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडेही जमीन होती, आराखडा होता, नवे शहर वसवायचे होते. तुलना कुठे संपते, ते पुढे येईलच.

आपल्याकडचा अनुभव काय?

सर्वात बोलका अनुभव एस्सेल वर्ल्डचा. १९८९ साली गोराईत हे पार्क सुरू झाले तेव्हा रस्त्याने जायचे तर भाईंदर, उत्तन असा मोठा वळसा. बोरिवली आणि मालाडहून मात्र खाडी ओलांडली की समोरच पार्क. म्हणून गोराई आणि मार्वेच्या जेट्टीवरून बोटी. पुढे १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले, २००९ मध्ये विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले आणि त्याच बोटींना भाविकही मिळाले. ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत गेले त्यांना त्या सहलीतले पाळणे जितके आठवतात तितकीच बोटही आठवते. जाहिरातीतल्या मुलाला घरी परतायचेच नव्हते. प्रत्यक्षात संध्याकाळी सगळ्यांची घाई परतीच्या बोटीसाठी. २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाले, पण बोटीने माणसे नेणारे पार्क मुंबईच्या कुशीत तीन दशके चालले.

याच्या शेजारी बेलापूरची वॉटर टॅक्सी ठेवून पाहा. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मोठा गाजावाजा करून ती सुरू झाली आणि प्रवाशांअभावी अडखळली. समुद्र तोच, बोटी तर अधिक वेगवान. फरक असा की एस्सेल वर्ल्डच्या बोटीला स्वतःच्या तिकिटावर जगायचे नव्हते, कमाई पार्कच्या गेटवर होती. शिवाय बोटीतून उतरले की चार पावलांवर ठिकाण. वॉटर टॅक्सीच्या प्रवाशाला घर ते जेट्टी आणि जेट्टी ते कार्यालय हे दोन्ही प्रवास स्वतःच जुळवायचे. त्यात भरती-ओहोटी. उरणकरांना हे नवे नाही. मोरा बंदरात गाळ साचला की ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँच खोळंबते आणि जेट्टीवर माणसे पाण्याकडे बघत बसतात. नवी मुंबई विमानतळाच्या वॉटर टॅक्सीला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील.

इमॅजिकाची अडचण वेगळी. २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालेल्या या पार्कला पुढे वॉटर पार्क आणि २८७ खोल्यांचे हॉटेल जोडले गेले. आतली ने-आण हा तिथे प्रश्नच नाही, पाहुणा तिथवर पोहोचणार कसा हा आहे. खोपोलीपर्यंत लोकल जाते, पण कर्जत-खोपोली फाट्यावर गाड्या मोजक्याच, आणि स्थानकापासून पार्क चालत जाण्याजोगे नाही. त्यामुळे सगळी मदार मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, स्वतःच्या गाडीवर, शाळांच्या आणि सहल कंपन्यांच्या बसवर. रविवारी संध्याकाळी पार्क सुटण्याची वेळ आणि लोणावळ्याहून मुंबईकर परतण्याची वेळ एकच. पार्कच्या कुंपणाबाहेर पार्कचे काही चालत नाही, हे तिथे लख्ख दिसते.

हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीने हे कुंपणच लांब नेऊन ठेवले. महाराष्ट्रातून दरवर्षी तिकडे जाणाऱ्या सहलींना ठाऊक आहे, की आपली गाडी बाहेरच राहते आणि पुढचा सगळा दिवस त्यांच्या बसमध्ये जातो. सोळाशेहून अधिक एकरांचा परिसर, पण आत खासगी गाड्यांची कोंडी नाही.

पण मालक नफ्यासाठीच जबाबदारी घेतो असेही नाही. शेगावला रेल्वेतून उतरणाऱ्या भाविकाला स्थानकाबाहेर गजानन महाराज संस्थानची बस उभी दिसते. मोफत. मंदिर, भक्तनिवास असा तिचा फेरा. गाडी रेल्वेची, रस्ता सरकारचा, तरी स्थानकाच्या पायरीपासून आपल्या दारापर्यंतचा माणूस आपलाच, असे संस्थानने धरले. महाराष्ट्रात या विषयावर अभ्यासदौरा काढायचाच तर फ्लोरिडाच्या आधी विदर्भात जायला हवे.

रेल्वे थेट गेटपर्यंत आली तर?

पॅरिसजवळचे डिस्ने पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले. तिथले आरईआर उपनगरी रेल्वेचे स्थानक त्याआधी, १ एप्रिललाच सुरू झाले होते. हे योगायोगाने घडले नाही. १९८७ मध्ये फ्रेंच सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला, त्यातच रेल्वे वाढवण्याची हमी होती. १९९४ मध्ये तिथे टीजीव्ही अतिजलद गाडीही थांबू लागली. आज स्थानकातून बाहेर पडले की दोन मिनिटांत पार्कचे गेट. हाँगकाँगनेही पार्क उघडण्याच्या सहा आठवडे आधी, १ ऑगस्ट २००५ रोजी, चालकविरहित मेट्रोचा खास फाटा सुरू केला.

टोकियोत उलटे झाले. पार्क १९८३ मध्ये उघडले आणि जवळचे माईहामा रेल्वे स्थानक १९८८ मध्ये. मधली पाच वर्षे पाहुण्यांना उरायासू स्थानकावर उतरून बसने जावे लागे. २००१ मध्ये पार्कभोवती पाच किलोमीटरची गोल मोनोरेल आली. ती रीतसर रेल्वे म्हणून चालते, डिस्नेत जाणाऱ्यालाही तिचे वेगळे तिकीट काढावे लागते. फुकट नसलेली, तरी भरून धावणारी. कारण ती मुख्य रेल्वे स्थानकाला अगदी खेटून सुरू होते आणि काही मिनिटांत दुसरी गाडी येते.

पार्कातून विमानतळाकडे तंत्रज्ञान गेल्याचे उदाहरणही आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये १९७५ पासून धावणाऱ्या पीपल मूव्हरच्या डब्यांत मोटारच नाही. रुळात बसवलेली विद्युतचुंबके डब्यांना पुढे ढकलतात. हीच यंत्रणा डिस्नेच्या कंपनीने १९८१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन विमानतळावर टर्मिनल जोडण्यासाठी बसवली. त्यामुळे उलव्याच्या पीपल मूव्हरला खेळण्यातली गाडी म्हणण्याचे कारण नाही.

मग गव्हाणमध्ये अडते कुठे?

विमानतळाच्या आत फारसे अडणार नाही. तिथे एकच कंपनी आहे, तिच्यात अदानी समूहाचा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के वाटा. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची, पूर्ण झाल्यावर नऊ कोटींची. प्रवासी टर्मिनलमध्ये ताटकळला, विमान चुकले, दुकानात शिरला नाही, तर त्याचा फटका थेट कंपनीला. थीम पार्कचा नियम तिथे तंतोतंत लागू होतो.

कुंपणाबाहेर चित्र बदलते. नेरुळ-बेलापूर-उरण रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याच दिवशी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, तो एमएमआरडीएचा. आता या रेल्वेमार्गावर गव्हाण आणि विमानतळाजवळचे तरघर ही स्थानकेही आहेत. मार्ग बांधण्यात मोठा वाटा सिडकोचा, गाड्या किती सोडायच्या हे मध्य रेल्वे ठरवते, बस एनएमएमटीची किंवा एसटीची, रिक्षाचा परवाना परिवहन विभागाचा, गावातला रस्ता ग्रामपंचायतीकडे, आणि बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरचे नियोजन वाहतूक पोलिसांकडे. रीडी क्रीकशी सिडकोची तुलना इथे संपते. सिडकोने जमीन घेतली, स्थानके उभारली, पण ती पुढची बस चालवत नाही आणि लोकलही नाही.

परिणाम काय होतो? उरण मार्गावर हार्बरसारखी दर काही मिनिटांनी लोकल नाही. एका दिशेला तासाला एखाद-दुसरी. अशा मार्गावर स्थानकाबाहेरची बस लोकलच्या वेळेशी जुळली नाही, तर नुसती बस असून भागत नाही. दर तीन मिनिटांनी गाडी असेल तर जुळवाजुळवीची गरज नसते. पाऊण तासाने असेल तर ती जुळवणी हीच खरी सेवा. आमच्या अभ्यासक्रमात रांगांच्या गणिताला एक अख्खे प्रकरण होते. त्याचा व्यवहारी अर्थ इतकाच, की फेऱ्या जितक्या कमी तितके वेळापत्रक काटेकोर हवे. प्रत्यक्षात उलटे घडते. जिथे फेऱ्या कमी, तिथे वेळापत्रकाकडे पाहायला कोणी नसते.

यात सर्वाधिक भरडला जाणारा माणूस विमानाने जाणारा नाही. तो टॅक्सी करेल, अटल सेतूचा टोल भरेल. प्रश्न आहे विमानतळावर सामान चढवणाऱ्याचा, सफाई कामगाराचा, सुरक्षारक्षकाचा, ज्याची पाळी पहिल्या लोकलच्या आधी सुरू होते. बंदरातल्या गोदामात जाणाऱ्याचा. ट्रेलरच्या कडेने सायकल दामटत शाळेला जाणाऱ्या पोरीचा. अनेक पार्कांमध्ये पाहुण्यांच्या बसइतकीच कर्मचाऱ्यांची बस महत्त्वाची मानली जाते, कारण पाळणा चालवणारा वेळेवर आला नाही तर पाळणा उघडत नाही.

आणि ही माणसे या जागेला उपरी नाहीत. नवी मुंबई ज्या गावांच्या जमिनींवर उभी राहिली त्यांत हा पट्टा आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जमिनीचा मोबदला ठरवताना भूखंडाचे क्षेत्रफळ लिहिले गेले. त्या भूखंडापासून स्थानकापर्यंत दर किती मिनिटांनी बस असेल, हे कोणत्याही कागदावर आले नाही. फ्रान्सने रेल्वेची हमी करारातच लिहून घेतली होती, हा फरक इथे बोचतो.

काय करता येईल?

नवी यंत्रे आणण्याआधीच्या काही गोष्टी स्वस्त आहेत. गव्हाण, खारकोपर आणि तरघर स्थानकांबाहेरच्या बसचे वेळापत्रक लोकलच्या वेळांवरून काढणे आणि लोकल दहा मिनिटे उशिरा आली तर बसला थांबण्याची मुभा देणे. विमानतळ आणि बंदरातील पाळ्यांच्या वेळा परिवहन उपक्रमाला कळवणे. विमानतळ कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी बस चालवल्यास तिचा थांबा स्थानकावरही ठेवणे. स्थानक ते गाव एवढा पदपथ ट्रेलरच्या रस्त्यापासून वेगळा करणे. यातील एकाही कामाला पीपल मूव्हरच्या खर्चाचा शंभरावा हिस्साही लागणार नाही. अडचण पैशापेक्षा सहीची आहे. चार कामांना पाच कार्यालयांच्या सह्या लागतात.

विमानतळाच्या उद्घाटनाच्या दिवशीच ‘मुंबई वन’ हे ॲप सुरू झाले. लोकल, मेट्रो, बेस्ट, एनएमएमटी अशा ११ वाहतूक सेवांचे तिकीट त्यावर एकत्र काढता येते. तिकिटापुरते का होईना, प्रवासाला एक खिडकी मिळाली. मात्र लोकल फलाटावर येण्याच्या दोन मिनिटे आधी बस निघून गेली, तर तक्रार अकरांपैकी कोणाकडे करायची, हे त्या खिडकीतून कळत नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी गव्हाण स्थानकाबाहेर उभे राहून लोकल आली ती वेळ आणि पुढची बस सुटली ती वेळ एवढेच कोणी वहीत लिहून काढले, तरी ग्रामसभेत मांडायला आणि पाचही कार्यालयांना पाठवायला एक कागद हाती येईल.